फरसूटला हात घालण्याआधी

फरसूट म्हणजे नकली फरचा, अंगावर चढवायचा प्राण्याचा पोशाख. अख्खा सूट आत्ताच नको, मर्दा. आधी शेपूट, मग पंजे, मग डोकं. मी उलटं केलं. माझा लांडगा अजून माळ्यावर पडलाय.

सुरुवातीला एवढंच आण:
- फोम: सोफा भरणाऱ्याकडे एक इंची शीट माग. उरलेले तुकडे सरावाला चालतात.
- फर: बेळगावात गणपत गल्ली, खडेबाजार फिर, पण अर्धा मीटरच घे. केस बाजूला सारल्यावर खालचं कापड लगेच दिसलं तर ठेव तिथंच.
- ब्लेडचा कटर, ग्लू गन, जाड सुई, मार्कर.

फरला कात्री लावू नकोस, सगळे इथंच चुकतात. फर उलटी घालून मागच्या कापडावर आखायचं आणि कटरनं फक्त कापडच चिरायचं. केस शाबूत राहतात, शिवण त्यांच्याखाली झाकते. केसांची दिशा बाणानं लिही, नाहीतर एक गाल वर नि एक खाली.

डोक्यात हवा खेळायला तोंड उघडं ठेव, डोळ्यांना जाळी लाव. आणि पावसाळ्यात फर धुवायची तर पंख्याखाली पूर्ण वाळव. आपल्याकडची ओल वास धरते.

हलणारा जबडा वगैरे नंतर बघू. शेपूट झाली की दाखव.