दोन एकर आणि पीएचडी

"सर, लागलेली नोकरी सोडून पीएचडीला जाऊ का?"

हा प्रश्न माझ्याकडे दरवर्षी सात-आठ जण तरी घेऊन येतात. बहुतेक तिशीतले आणि बहुतेक शिक्षक. मागच्या हंगामात आलेल्या एका ताईंची गोष्ट सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

ताई ३२ वर्षांच्या. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडच्या एका गावात कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतात. तुकडी अजून २० टक्के अनुदानावर, म्हणजे सरकार पगाराचा पाचवा हिस्साच देतं, त्यामुळे हातात येतात चौदा-पंधरा हजार. पुढचा टप्पा कधी मिळेल याची चर्चा स्टाफरूममध्ये पावसाच्या अंदाजासारखी रोज चालते. त्यात त्यांना नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेत जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप मिळाली. सीतादही, म्हणजे कापूस वेचणीच्या सुरुवातीची पूजा, होऊन दोनच दिवस झाले होते. सुट्टीत त्याही वेचणीला गेल्या असाव्यात, बोटांवर बोंडांचे ओरखडे दिसत होते.

नुसता हिशेब मांडला तर विचार करायला जागाच नव्हती. फेलोशिप पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार, नंतर ४२ हजार, घरभाडं वेगळं, जास्तीत जास्त पाच वर्षं. दुप्पट पैसे सोडून पंधरा हजारांना का चिकटायचं? मी बोललोही तसं, आणि तिथेच चुकलो. ताई गप्प झाल्या, "बघते" म्हणून उठून गेल्या. समोरचा माणूस "बघते" म्हणाला की आपण त्याच्या प्रश्नापर्यंत पोचलेलोच नसतो, हे इतक्या वर्षांनंतरही माझ्या वेळेवर लक्षात येत नाही.

तीन आठवड्यांनी त्या परत आल्या. या वेळी मी कमी बोललो. बराच वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या आणि मग म्हणाल्या, "मामांनी ही नोकरी लागतेवेळी दोन एकर काढलं होतं, सर."

मामा म्हणजे सासरे. 'काढलं' म्हणजे विकलं. कशासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आपल्याकडे ते विचारावं लागत नाही.

आता कुठे खरी अडचण समोर आली. नोकरी सोडायची म्हणजे ते दोन एकर दुसऱ्यांदा घालवायचे, असं त्यांच्या मनानं धरलं होतं. मी एवढंच म्हणालो की नोकरीत राहिलात तरी ते वावर परत येणार नाही. शंभर टक्के अनुदान हे राहण्याचं कारण होऊ शकतं, विकलेलं वावर नाही. पण हे मी सांगून भागणार नव्हतं, मामांशी ताईंनाच बोलावं लागणार होतं.

त्याआधी थोडी घाई कमी केली. यंदाच प्रवेश घेतला नाही तर जेआरएफ वाया जाईल, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. तसं नसतं. जेआरएफचं पत्र तीन वर्षं चालतं, एक वर्षाची मुदत असते ती जेआरएफ न मिळता नेटच्या गुणांवर पीएचडीला पात्र ठरणाऱ्यांना. नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएचडीही करता येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांत तशी सोय आहे, संस्थेचं ना-हरकत पत्र लागतं. पण मग फेलोशिप विसरायची. पगार आणि फेलोशिप दोन्ही हातांनी घेता येत नाही. आणि मार्गदर्शकाकडे जागा आहे का, ते आधी बघायचं. प्राध्यापकाला एका वेळी आठच विद्यार्थी घेता येतात, सहयोगीला सहा, सहायकाला चार.

अजून एक काम दिलं, ते मी सगळ्यांनाच देतो. पीएचडी झालेल्याला भेटू नका, अर्ध्यात सोडलेल्याला भेटा. झालेला माणूस सगळं विसरलेला असतो. ताईंना नेरमध्ये एक जण सापडले. चौथ्या वर्षी सोडली, आता कृषी केंद्र चालवतात. त्यांनी सांगितलं की अभ्यासाचा त्रास नव्हता. फेलोशिप चार-चार महिने अडकायची, तेव्हा किराणावाल्यासमोरून जायची लाज वाटायची. हे ऐकून ताईंनी सहा महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात साठवायला घेतला. माझ्या कुठल्याही सल्ल्यापेक्षा ते जास्त उपयोगी ठरलं.

मामांशी बोलणं पुढच्या वर्षीचा पोळा, दसरा, दिवाळी असं पुढेच जात होतं. शेवटी तुरीच्या शेंगा सोलताना ताईंनी विषय काढला. मामांनी सगळं ऐकून घेतलं. दोन एकरांचं नावही काढलं नाही. एकच विचारलं, "पीएचडी झाल्यावर प्राध्यापक व्हाले पुन्हा वावर इकाव लागते काय?"

ताईंनी तो प्रश्न जसाच्या तसा माझ्यासमोर ठेवला. माझ्याकडे उत्तर नव्हतं. पीएचडी करून तासिका तत्त्वावर शिकवणारे माझ्याच ओळखीत डझनभर आहेत. मी ताईंना म्हणालो, मामांनाच घेऊन जा मार्गदर्शकाकडे.

गेले दोघं एसटीनं, बडनेऱ्यावरून अमरावतीला. विद्यापीठात मामांनी टोपी मांडीवर ठेवून तोच प्रश्न मार्गदर्शक बाईंना विचारला. बाई थोडं थांबल्या आणि म्हणाल्या, "काका, ते मला सांगता येणार नाही. काम चांगलं करून घेईन, एवढं सांगते."

परतीच्या गाडीत मामा नेरपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "खोटं नाही बोलली बाई."

ताईंनी विनावेतन रजेचा अर्ज दिला आहे. संस्थेनं तो अजून मंजूर केलेला नाही. पत्राची मुदत संपायला सोळा महिने आहेत.