पकडलेला कारकून पुन्हा कामावर कसा?

प्रश्न: आमच्याकडचा एक कारकून वारसनोंदीसाठी पैसे घेताना सापडला. पेपरात फोटोसकट बातमी आली. काही महिन्यांत गडी पुन्हा कामावर हजर! मग तक्रार करून उपयोग काय? आता वाटतं, सरकारी नोकर सगळे एकाच माळेचे मणी. तुम्ही स्वतः सरकारात होतात, म्हणून विचारतो. राग मानू नका.

उत्तर: राग कसला? निवृत्तीनंतर पेन्शनच्या कागदांसाठी मीही खिडकीपुढे ताटकळले आहे, आणि "साहेब मीटिंगला गेलेत" हे मलाही ऐकवलं गेलं आहे.

आधी एक गैरसमज काढून टाका. निलंबन ही शिक्षा नाही. चौकशीत ढवळाढवळ होऊ नये म्हणून माणसाला बाजूला ठेवतात, इतकंच. ४८ तासांहून जास्त कोठडीत राहिला तर तो आपोआप निलंबित मानला जातो. पहिले तीन महिने साधारण निम्मा पगार निर्वाह भत्ता म्हणून मिळतो. चौकशी रखडली आणि त्यात त्याचा दोष नसेल, तर भत्ता वाढतोसुद्धा. म्हणजे घरबसल्या सरकारचा पैसा. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने अजयकुमार चौधरी खटल्यात सांगितलं, की तीन महिन्यांत दोषारोपपत्र, म्हणजे आरोपांचा लेखी कागद, दिलं नाही तर निलंबन पुढे रेटू नका. आता आमची खाती दोषारोपपत्र वेळेवर किती देतात, ते मी कशाला सांगू! म्हणून तुमचा गडी परत आला. पण तो निर्दोष ठरलेला नाही. कोर्टातला खटला आणि विभागीय चौकशी, दोन्ही आपापल्या गतीने चालू राहतात. लाचेच्या प्रकरणातल्या माणसाला परत घेताना अकार्यकारी पदावर, म्हणजे जिथे लोकांशी संबंध येणार नाही अशा जागी, बसवणं अपेक्षित असतं. तो पुन्हा त्याच टेबलावर वारसनोंदी करत असेल, तर पुनःस्थापनेचा आदेश माहिती अधिकारात मागा आणि लेखी हरकत घ्या.

आता एकाच माळेचे मणी. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत विभागीय चौकश्या माझ्याकडे असत. एका प्रकरणात गावकऱ्यांच्या सह्यांचा भलामोठा अर्ज होता: 'सदर कर्मचारी भ्रष्ट असून जनतेची पिळवणूक करतो.' तारीख नाही, काम कुठलं ते नाही, रक्कम नाही. पहिलेच साक्षीदार आले. आरोप असलेल्या कर्मचाऱ्याची बाजू मांडणाऱ्या बचाव सहायकाने विचारलं, "तुमच्याकडून किती घेतले?" ते म्हणाले, "माझ्याकडून नाही हो. पण घेतात की सगळेच! याला एकट्याला काय धरायचं?" अपचारी, म्हणजे ज्याची चौकशी चालू होती तो कर्मचारी, इतका वेळ उत्तरं टिपून घेत होता. त्याने पेनाला टोपण लावलं आणि खुर्चीला टेकून बसला. पुढचे साक्षीदार थोड्याफार फरकाने तेच बोलले. दोषारोप सिद्ध होत नाही, असं लिहिण्यावाचून माझ्यापुढे मार्ग नव्हता.

त्याच कार्यालयात आवक-जावक सांभाळणाऱ्या एक बाई होत्या. आलेल्या प्रत्येक टपालाला पोच द्यायच्या, हालचाल नोंदवही चोख ठेवायच्या. अपचाऱ्याच्या टेबलावर कुठली फाईल कधी गेली आणि कितीतरी आठवडे तिथेच कशी पडून राहिली, हे त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. गावकऱ्यांनी एका तरी फाईलचं नाव अर्जात घातलं असतं, तर ती नोंदवही पुराव्यात आली असती. पण गावाच्या लेखी त्या बाईही 'तसल्याच'! त्यांना कुणी काही विचारलंच नाही.

तेव्हा अर्ज करताना कार्यालयाला शिव्या घालू नका. कामाचं नाव, अर्जाचा क्रमांक, कुठल्या तारखेला कोण काय म्हणाला, एवढं लिहा, खाली सही करा आणि पोच घ्या. निनावी अर्ज बहुधा दप्तरी दाखल होतो, म्हणजे काही कारवाई न होता फाईलबंद. दप्तरदिरंगाई रोखणाऱ्या २००५ च्या कायद्यानुसार राज्य सरकारच्या कार्यालयात एका कर्मचाऱ्याकडे फाईल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. फाईल कधीपासून कुणाकडे आहे, हे नुसतं लेखी विचारलं तरी पुष्कळदा ती हलते. सेवा अधिसूचित, म्हणजे सरकारने यादीत जाहीर केलेली असेल, तर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील करता येतं. विलंब करणाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो, आणि तो त्याच्या खिशातून जातो.

प्रश्न: नाइलाजाने परवा पैसे देऊन बसलो. आता तक्रार केली तर मीच अडकेन का?

उत्तर: लाच देणं हाही गुन्हा आहे, २०१८ च्या दुरुस्तीनंतर तर स्पष्टच. पण तुम्हाला भाग पाडलं गेलं असेल आणि सात दिवसांच्या आत तुम्ही लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला कळवलंत, तर कायदा तुम्हाला वगळतो. परवा दिलेत म्हणता, म्हणजे मुदत अजून आहे. आजच १०६४ ला फोन करा. पुन्हा मागणी झाली तर रक्कम देण्याआधीच कळवा. मग सापळा लावता येतो. पावडर लावलेल्या नोटा, पंच, सगळी तयारी तेच करतात. तुम्ही फक्त त्याच्याशी नेहमीसारखं बोलायचं, आणि उगाच घासाघीस करायची नाही.