मुलीच्या प्रकल्पासाठी तुम्ही विभागप्रमुखांकडे जाऊ नका

नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. तुमची मुलगी धातुशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला, गुण उत्तम. मार्गदर्शकांनी तिला हाय एंट्रॉपी अलॉयच्या, म्हणजे अनेक मूलद्रव्यं जवळपास सारख्या प्रमाणात मिसळलेल्या मिश्रधातूच्या, रोलिंग (रुळांमध्ये दाबून पातळ करणं) आणि हीट ट्रीटमेंटचा (ठरावीक तापमानाला तापवण्याचा) प्रकल्प दिलाय. तुम्हाला ते कारखान्यातलं हलकं काम वाटतं; तिनं सात-आठ मूलद्रव्यांचा नवा मिश्रधातू शोधून नाव काढावं, अशी तुमची इच्छा. मार्गदर्शक बदलून मागायला तुम्ही स्वतः विभागप्रमुखांना भेटणार आहात, असंही लिहिलंय.

कृपा करून जाऊ नका. गेलात तर विभागात तिची ओळख ‘ते वडील येऊन गेले ना, त्यांची मुलगी’ एवढीच उरेल. तुमच्या दीड पानी पत्रात तिचं मत एकाच वाक्यात आलंय : ‘तिला प्रकल्प आवडलाय, पण तिला अजून कळत नाही.’ चार वर्षं हा विषय शिकतेय ती. तिला कळत नाही, हे तुम्ही कशावरून ठरवलंत? गुणांची मला काळजी नाही, या वाक्याची आहे.

जास्त मूलद्रव्यं म्हणजे जास्त बळकट धातू, हा गैरसमज मात्र काढून टाका. 2004 साली तैवानमधले येह आणि ब्रिटनमधले कँटर यांच्या गटांनी स्वतंत्रपणे हे मिश्रधातू मांडले. कँटर यांच्या मिश्रधातूत क्रोमियम, मँगनीज, लोह, कोबाल्ट आणि निकेल समप्रमाणात असतात. पण त्यातले स्फटिककण मोठे असले, तर सुमारे 200 मेगापास्कल (हे ताण मोजायचं एकक) ताणालाच त्याचा आकार कायमचा बदलू लागतो. साधं बांधकामाचं पोलादही याहून टिकतं! त्याच धातूला प्रचंड दाबाखाली पीळ देऊन कण नॅनोमीटरच्या घरात आणले, तर तो तोडायला 1900 मेगापास्कलहून जास्त ताण लागतो. मूलद्रव्यं तीच, फरक सगळा प्रक्रियेचा. कणांच्या सीमा वाढल्या की डिसलोकेशन (स्फटिकातले सरकणारे दोष, ज्यांमुळे धातूचा आकार बदलतो) अडतात आणि ताकद वाढते. पण न तुटता ताणलं जाण्याची क्षमता घटते; शिवाय असा धातू 450 अंश सेल्सियसला तासभर ठेवला, तर आत वेगळ्या रचनेचे नवे सूक्ष्म कण तयार होऊन तो ठिसूळ होतो. म्हणून किती रोलिंग करायचं, मग किती तापमानाला किती वेळ अ‍ॅनिलिंग करायचं (म्हणजे तापवून मऊ करायचं), हाच खरा प्रश्न आहे. तुमची मुलगी नेमकं तेच करतेय.

नोकरीचं स्पष्ट सांगतो. या मिश्रधातूंचा औद्योगिक वापर अजून फार थोडा आहे. रोलिंग, भट्टी, सूक्ष्मदर्शक आणि ताणपरीक्षण येणारी व्यक्ती मात्र पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, निकेलचे सुपरअलॉय (प्रखर उष्णतेतही ताकद टिकवणारे मिश्रधातू), कुठेही लागतेच. पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा तिनं द्यावी, पीएच.डी.चं नंतर बघता येईल.

पुढचं पत्र तिला लिहू द्या. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर तिला पुरेसा वेळ मिळतो का आणि मार्गदर्शकांचे आधीचे विद्यार्थी सध्या काय करतात, एवढं तिनं त्यात कळवावं. पाठवण्याआधी ते तपासायला मागू नका.