वाचकांचे प्रश्न : मैलापाण्याचा डॉक्टर आणि बीजिंगची हवा

प्रश्न : सर, मी पर्यावरण अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या सरांनी वर्गात सांगितलं, की चीनमध्ये आपल्याच विषयातला एक प्राध्यापक आधी मंत्री झाला, मग बीजिंगचा महापौर आणि पुढे शांघायचा पक्षप्रमुख. हे खरं का? आणि राजकारणात गेल्यावर त्याच्या शास्त्राचा कोणाला काही उपयोग झाला का?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : वयानं तू माझ्या नातीएवढी, म्हणून 'तू' म्हणतो. तुझ्या सरांनी सांगितलं ते खरं आहे. त्यांचं नाव चेन जिनिंग. आपली वर्तमानपत्रं असंच छापतात, चिनी उच्चार 'छन चीनिंग'च्या जवळ जातो. त्यांच्याकडे आडनाव आधी येतं, तेव्हा परीक्षेत 'श्री. जिनिंग' लिहू नकोस.

मला हा माणूस जवळचा वाटतो, पण राजकारणामुळे नव्हे. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात १९९३ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली ती सक्रिय गाळ प्रक्रियेवर, म्हणजे गाळातल्या जिवाणूंकडून घाण पाणी साफ करून घ्यायच्या पद्धतीवर. थोडक्यात, मैलापाणी. मी नोकरीची तीस वर्षं मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात घालवली. रोज सकाळी वायुवीजन टाकीतलं, म्हणजे जिवाणूंसाठी हवा सोडतात त्या टाकीतलं, लिटरभर पाणी काचेच्या नळकांड्यात घ्यायचं, अर्धा तास थांबायचं आणि गाळ किती खाली बसला ते वाचायचं. जिवाणू खुशीत असले की गाळ छान बसतो. बिनसलं की फुगतो आणि सरळ नदीची वाट धरतो. आम्ही हे सगळं नाकानं आणि अंदाजानं सांभाळायचो. चेन यांनी तेच गणितात बसवायचा प्रयत्न केला. लग्नात 'कुठे असता?' असं कोणी विचारलं की मी नुसतं 'पाणीखात्यात' म्हणायचो. त्याच विषयातला माणूस पॉलिटब्यूरोत, म्हणजे चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या वरिष्ठ नेत्यांच्या मंडळात, बसला म्हटल्यावर थोडी कॉलर ताठ होणारच.

आता तुझा मूळ प्रश्न. 'शास्त्रज्ञ राजकारणात गेला' म्हटलं की प्रयोगशाळेतून उठून कोणी थेट मंत्रालयात गेला असं चित्र डोळ्यांसमोर येतं. इथं तसं झालेलं नाही. चेन यांचा जन्म १९६४चा. १९८१ साली ते बीजिंगच्या छिंगहुआ विद्यापीठात दाखल झाले, १९८४ साली कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले, नंतर इंग्लंडला गेले आणि १९९८ साली परतले. पुढे विभागप्रमुख, उपकुलगुरू आणि २०१२ साली कुलगुरू. छिंगहुआच्या कुलगुरूचा हुद्दा सरकारदरबारी उपमंत्र्याच्या बरोबरीचा असतो. चीनचे राष्ट्राध्यक्ष झालेले हू जिंताव आणि शी जिनपिंग दोघेही तिथलेच विद्यार्थी. त्यामुळे २०१५ साली ते पर्यावरण संरक्षणमंत्री झाले तेव्हा त्यांनी उडी वगैरे मारली नव्हती, जिन्याची पुढची पायरी चढले होते.

मंत्रिपदाची त्यांची सुरुवात मात्र वाचण्यासारखी आहे. फेब्रुवारी २०१५च्या अखेरीस, त्यांची नेमणूक होते न होते तोच, चाय जिंग या माजी टीव्ही पत्रकार बाईंनी धुरक्यावर केलेला माहितीपट इंटरनेटवर आला आणि दोन-चार दिवसांत कोट्यवधी लोकांनी तो पाहिला. नव्या मंत्र्यांनी त्याची जाहीर तारीफ केली आणि बाईंना आभाराचा मोबाइल संदेश पाठवला. आठवडाभरात तो माहितीपट चिनी संकेतस्थळांवरून गायब झाला. त्याच सुमारास मंत्र्यांची मोठी पत्रकार परिषद झाली. तिथे त्यांनी त्याचा उल्लेखसुद्धा केला नाही. 'शास्त्राचा उपयोग झाला का' याचं निम्मं उत्तर मला त्या आठवड्यात दिसतं. शास्त्रज्ञाला जे पटलं होतं, ते मंत्र्याला आठच दिवसांत गिळावं लागलं.

उरलेलं निम्मं उत्तर त्यांच्या बाजूचं आहे. पर्यावरण परिणामांचे अहवाल बनवणाऱ्या काही संस्था मंत्रालयाच्याच पंखाखाली होत्या, म्हणजे पेपर काढणारे आणि तपासणारे एकाच घरचे. चीनमध्ये अशांना 'लाल टोपीवाले दलाल' म्हणतात, लाल टोपी म्हणजे डोक्यावरचा सरकारी हात. त्यांना मंत्रालयापासून तोडायचं काम चेन यांनी हाती घेतलं. माझ्या मते हे त्यांचं सर्वांत चांगलं काम, आणि वर्तमानपत्रांत त्याला सर्वांत कमी जागा मिळाली. जानेवारी २०१७मध्ये बीजिंग धुरक्यात बुडालेलं असताना त्यांनी पत्रकारांना बोलावलं आणि आपल्याला अपराधी वाटतं, असं सांगितलं. मंत्र्याच्या तोंडून असं मी फार वेळा ऐकलेलं नाही, इकडे तर नाहीच.

आणि हवा? ती सुधारली, यात वाद नाही. बीजिंगमधल्या पीएम २.५ या बारीक कणांची वार्षिक सरासरी २०१३ साली घनमीटरला ८९.५ मायक्रोग्रॅम होती, २०२१ साली ३३ झाली. २०१७पासून शेवटपर्यंत महापौर चेनच होते, म्हणून श्रेय त्यांना मिळतं. पण नीट बघ. हवेचा राष्ट्रीय कृती आराखडा २०१३चा, म्हणजे ते मंत्री होण्याआधीचा. प्रदूषण थांबेपर्यंत दिवसागणिक दंड लावणारा सुधारित कायदा २०१४मध्ये मंजूर झाला. शहरातलं शेवटचं मोठं कोळशाचं वीजकेंद्र मार्च २०१७मध्ये बंद झालं आणि ते महापौरांच्या खुर्चीत आले मेमध्ये. मुख्य काम केलं ते कोळसा हटवण्याच्या हुकमानं आणि त्यामागे ओतलेल्या पैशानं. हुकूम कसा चालतो तेही ऐक. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात शेजारच्या हपेई प्रांतात कोळशाच्या शेगड्या काढल्या, पण गॅसची सोय वेळेत झाली नाही. एका शाळेतली मुलं उन्हात बसली तर निदान ऊब मिळेल, म्हणून मैदानात बाकं टाकून शिकत होती. टाकीत हवा किती सोडायची ते समीकरण सांगेल, पण शेगडी आधी काढायची की गॅस आधी आणायचा हे ज्याला थंडी वाजते त्याला विचारावं लागतं.

तेव्हा उपयोग झाला, पण त्यांनी नवीन काही शोधून काढलं म्हणून नाही. समोर येणारा आकडा खोटा आहे की खरा, हे त्यांना कळत होतं. खात्यात वरती असा एक माणूस असला तरी खालचे लोक जपून लिहितात, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

प्रश्न : मुंबईचं शांघाय करणार, हे वीस वर्षं ऐकतोय. तिकडचा महापौर मोठा की पक्षाचा सचिव?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : सचिव. आपल्याकडे महापौरांकडे मान आणि आयुक्तांकडे फायली असतात. तिकडे फायली महापौरांकडे असतात, पण शेवटचा शब्द पक्षसचिवाचा. बीजिंगमध्ये चेन महापौर होते तेव्हा सचिव होते छाय छी. १८ नोव्हेंबर २०१७ला दाशिंग भागात आग लागून १९ माणसं गेली. त्यानंतर सुरक्षिततेच्या नावाखाली परगावच्या हजारो मजुरांना भर थंडीत खोल्या सोडायला लावल्या. त्या वेळी लोकांचा राग मुख्यतः छाय यांच्यावर निघाला, चेन यांचं नाव फारसं कोणी घेतलं नाही. दुय्यम खुर्चीचे असेही फायदे असतात. ऑक्टोबर २०२२मध्ये चेन स्वतः शांघायचे सचिव झाले आणि महिनाभरातच तिथल्या उरुमची नावाच्या रस्त्यावर कोविडच्या निर्बंधांविरुद्ध तरुण मुलं कोरे कागद हातात धरून उभी राहिली. आता पहिल्या खुर्चीत ते होते.