आतल्या रोलबॅकचा घाव

प्रिय,

तुझी प्रोसीजर (डेटाबेसमध्ये साठवलेला कोड) वाचली. नीटनेटकी आहे, पण कॅच ब्लॉकमधला (एरर आल्यावर चालणाऱ्या भागातला) तो बिनशर्त रोलबॅक, म्हणजे झालेलं काम मागे घेणं, पाहून पोटात गोळा आला.

एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये ट्रॅन्झॅक्शनच्या (सगळं होईल नाहीतर काहीच नाही, अशा कामाच्या गठ्ठ्याच्या) आत ट्रॅन्झॅक्शन दिसतं, पण ते खरं नसतं. दुसऱ्यांदा 'बिगिन ट्रॅन' लिहिलंस की ट्रॅनकाउंट, म्हणजे उघड्या ट्रॅन्झॅक्शनच्या मोजणीचा आकडा, 1 चा 2 होतो, बस्स. आतला कमिट (काम पक्कं करायची आज्ञा) तो परत 1 वर आणतो. पक्कं काहीच होत नाही. रोलबॅक मात्र काउंट 2 असो वा 5, थेट शून्यावर आणतो. बाहेरच्याचं कामही त्यात धुऊन निघतं.

एका पतसंस्थेच्या व्याज-जमेत मी हे स्वतः करून ठेवलंय. बाहेरची प्रोसीजर ट्रॅन्झॅक्शन उघडायची आणि खात्यागणिक आतलीला बोलवायची. मध्येच एका खात्यावर आतली अडखळली आणि तिने रोलबॅक केला. एरर 266 (ट्रॅनकाउंट जुळत नाही) आली, पण बाहेर ती पकडणारा ट्राय-कॅच नव्हता. लूप आपला चालूच. पुढची खाती एकेक करून खरीखुरी कमिट होत गेली. अगदी शेवटच्या कमिटला 3902: बंद करायला ट्रॅन्झॅक्शनच उरलं नव्हतं. सकाळी पाहतो तर यादीतल्या खालच्यांना व्याज, वरच्यांना ठणठणगोपाळ.

म्हणून आत शिरताच ट्रॅनकाउंट व्हेरिएबलमध्ये धरून ठेव. शून्य असेल तरच बिगिन कर. आपण उघडलं असेल तरच कमिट किंवा रोलबॅक, नाहीतर नुसता थ्रो, म्हणजे एरर बाहेरच्याकडे पाठव. पुढचं उघडणारा बघेल.

सेव्हपॉइंट (ट्रॅन्झॅक्शनच्या मधली परतीची खूण) का नाही, असं विचारशील. मी 'एक्सॅक्ट_अबॉर्ट' (एरर आली की ट्रॅन्झॅक्शन रद्द ठरवणारं सेटिंग) कायम ऑन ठेवतो. त्यात बहुतेक एररनंतर कॅचमध्ये एक्सॅक्ट_स्टेट -1 होते, म्हणजे ट्रॅन्झॅक्शन फक्त पूर्ण रोलबॅक करता येतं, आणि मग सेव्हपॉइंटपर्यंत मागे जाताच येत नाही. तरी ऑनच ठेव. एडीओ डॉट नेटचा (प्रोग्रॅमला डेटाबेसशी जोडणाऱ्या लायब्ररीचा) कमांड टाइमआउट मुळात 30 सेकंदांचा असतो. तो उलटला की क्लायंट काम रद्द करतो आणि तुझा कॅच चालतच नाही. सेटिंग ऑफ असेल तर ट्रॅन्झॅक्शन उघडंच राहतं, लॉक तसेच अडकतात. रात्री फोन आपल्यालाच येतो.

ता.क. 'रोलबॅक ट्रॅन'नंतर सेमीकोलन टाकलेला नाहीस. सर्व्हर पुढच्या ओळीतल्या 'थ्रो'ला ट्रॅन्झॅक्शनचं नाव समजतो, त्या नावाचं काही सापडत नाही म्हणून 6401 देतो आणि मूळ एरर गडप.