दूध उतू जातं, नावं आठवत नाहीत

प्रश्न : सासूबाई दोन वर्षं अंथरुणाला खिळून आहेत. पहाटे तीनला जाग येते, मग डोळा लागत नाही. गॅसवरचं दूध विसरते. वय ४६. हा स्मृतिभ्रंश तर नसेल? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, माझा पहिला संशय त्या तीन वाजताच्या जागेपणावर आहे. ताण आला की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक सोडतात. वाघ मागे लागला तर ते उपकारकच, पण वाघ दोन वर्षं घरातच असेल (सासूबाईंना म्हणत नाही हं!) तर मेंदूतल्या, आठवणी साठवणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागाचं काम बिघडतं, रक्तदाब-साखरही चढू शकते. दोन्ही तपासा, थायरॉइड आणि बी-१२ सुद्धा. आणि आठवड्यातून दोन रात्री सासूबाईंजवळ नवऱ्याला झोपू द्या. तुम्ही दुसऱ्या खोलीत, दार लावून.