भरीव सागवानी दाराचे पॅनेल चौकटीत सैल ठेवणे योग्य आहे का?

पुण्यातील घरासाठी भरीव सागवानाचे कपाट करून घेताना सुतार दाराचे पॅनेल न चिकटवता सैलच बसवू म्हणतो, ही कामातील टाळाटाळ तर नव्हे ना, असे आपण विचारले आहे. मुळीच नव्हे, त्याला लाकूड कळते, त्याला तसेच करू द्यावे.

लाकूड हवेतील ओलावा घेते आणि सोडते, त्यामुळे ते रुंदीत फुगते व आकसते. लांबीत मात्र जवळजवळ फरक पडत नाही. सागवान इतर लाकडांच्या मानाने पुष्कळ स्थिर, तरीही त्याच्यातील ओलावा ५ टक्क्यांनी बदलला, तर ३५० मिलिमीटर रुंद पॅनेलमध्ये सुमारे ३ मिलिमीटरचा फरक पडू शकतो. आपल्याकडे मे महिन्यातील कोरडी हवा आणि ऑगस्टमधील ओल यांतील अंतर तर आपण जाणताच.

मी पहिले कपाट ऐन मे महिन्यात केले. पॅनेल खाचेत ठोकून घट्ट बसवले आणि चारही कडांना फेव्हिकॉल लावला. पावसाळ्यात ते फुगले, चौकटीच्या उभ्या पट्ट्यांना बाहेर रेटू लागले आणि वरच्या कोपऱ्यातील सांध्यात पोस्टकार्ड सरकेल एवढी फट पडली. ती पुढे कधीच मिटली नाही.

म्हणून काम कोणत्या महिन्यात चालले आहे, हे आधी पाहावे. उन्हाळ्यात १० मिलिमीटर खोल खाचेत रुंदीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन मिलिमीटर मोकळे सोडावेत. भर पावसाळ्यात लाकूड आधीच फुगलेले असते, तेव्हा त्याच्या निम्मे पुरे. सरस लावायचाच असेल, तर वरच्या व खालच्या कडेला, नेमक्या मध्यावर एकेक थेंब लावावा, म्हणजे पॅनेल दोन्हीकडे सारखे सरकते. पॉलिश मात्र पॅनेल चौकटीत बसवण्यापूर्वी आणि दोन्ही अंगांनी करून घ्यावे; नाहीतर उन्हाळ्यात ते आकसले की कडेने कोऱ्या लाकडाची फिकट रेघ डोकावते.

आणखी एक जागा सुताराला आवर्जून दाखवावी. कपाटाची बाजू फळ्या जोडून केलेली असते आणि ड्रॉवरसाठी तिच्यावर आडवी पट्टी ठोकतात. बाजू रुंदीत हलते, पट्टी हलत नाही, आणि शेवटी तडा बाजूलाच जातो. त्या पट्टीला सरस लावू नये. पुढचा स्क्रू घट्ट आवळावा आणि मागच्या स्क्रूसाठी पट्टीत लांबट भोक पाडावे.